मागे रेंगाळणारी गोडी

चव घ्यायच्या त्या खोलीत दिवसभर लाल दिवा असतो. सरबताचा रंग दिसू नये म्हणून. रंग दिसला की माणूस डोळ्यांनीच चव घेऊन मोकळा होतो आणि जीभ बिचारी नुसती हो ला हो करते. म्हणून सगळं लाल. भिंती लाल, पाणी लाल, फळीवरचे इवलेसे कप लाल, आणि आपला स्वतःचा हातसुद्धा दुसऱ्याच कुणाचा असावा असा लाल. समोर एक छोटी झडप. ती उघडते, एक हात कप ठेवतो, झडप बंद. हाताचा मालक कोण ते विचारायचं नाही, आणि शेजारच्या खणात बसलेल्याशी तर अजिबात बोलायचं नाही.

जीभबाई या खोलीत कितीतरी वर्षं बसत होत्या. खरं नाव नव्हतं असं नाही, पण सरबताच्या त्या कारखान्यात फाटकावरच्या रखवालदारापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना जीभबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. आधी त्यांना राग यायचा. मग सवय झाली. पुढे पुढे तर बाजारात कुणी खऱ्या नावानं हाक मारली की त्या मागं वळून बघायच्या, कुणाला बोलावतंय म्हणून.

काम काय, तर साखर न घालता गोड केलेल्या सरबतांची चव घ्यायची. घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा, आणि मग समोरची एक दांडी गोडी चढेल तशी वर सरकवायची, उतरेल तशी खाली आणायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघा म्हणजे कळेल! साखरेची गोडी शहाण्या पाहुण्यासारखी असते. येते, बसते, वेळेवर उठते. या दुसऱ्या गोड्यांची तऱ्हाच निराळी. एखादी उशिरा येते. एखादी येताना कडवटपणा पदराला बांधून आणते. आणि एखादी निघते निघते म्हणते नि दारातच उभी राहते. ही शेवटची कारखान्याची डोकेदुखी. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात, त्यातली गत. लोकांना ते शेपूटच नको असतं.

ते शेपूट पकडायला जीभबाई बसलेल्या. बाकीच्यांची दांडी खाली आलेली असायची, ते पाण्यानं चूळ भरून अळणी बिस्किटाचा तुकडा चघळत असायचे, आणि जीभबाई डोळे मिटून अजून तिथंच. गोडी बारीक होत जायची. गल्लीतून कुणीतरी लांब चालत जावं आणि पावलं ऐकू येत राहावीत, तशी. आता गेली म्हणावं तर अजून आहे. त्या लाल उजेडात जाग कुठं संपते आणि झोप कुठं सुरू होते हे त्यांना धड कळायचं नाही. आई दिसायची, लहानपणीचं अंगण दिसायचं, लेकीचं पहिलं दप्तर दिसायचं, आणि या सगळ्याच्या मागं जिभेच्या कडेला ती गोडी, बारीक, जाता न जाणारी. एकदा साहेबांनी झडपेतून विचारलं, "बाई, झोपलात का?"

"झोपतेय कशाला?" त्या म्हणाल्या. "थांबलेय."

पूर्वी त्या बाटल्यांना झाकणं लावायच्या विभागात होत्या. एकदा साहेबांना चव घेणारी माणसं हवी होती म्हणून सगळ्यांपुढे पाण्याचे ग्लास मांडले. त्यातल्या एकातच गोडाचा अंश, तोही असून नसल्यासारखा. बाकीच्यांनी अंदाजपंचे उचलले. यांनी बरोबर तोच उचलला, आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलून ठेवला तर पुन्हा तोच. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण या जिभेला पगार सुरू झाला.

घरी नवरा. त्यांनी जन्मभर बस चालवली, त्यामुळं शेजारीपाजारी त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणायचे. प्रत्येक थांब्यावर चहा, आणि प्रत्येक चहात साखर अशी की चमचा उभा राहावा. माणूस राजा होता. बसमध्ये शिट्टी वाजवत गाणारा, म्हातारीकोतारी धावत येताना दिसली की बस थांबवून ठेवणारा, वरिष्ठांची बोलणी हसत हसत खाणारा. निवृत्त झाले आणि साखरेच्या आजारानं गाठलं. डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केली. दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीनं फोनवरून फर्मान काढलं, "आई, घरातला साखरेचा डबा शेजारी देऊन टाक. बाबांचा भरवसा नाही."

आणि राजाचं राज्य गेलं. ड्रायव्हरसाहेब सज्जात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरच्या बसगाड्या बघायचे. गाणं बंद, शिट्टी बंद. ताट समोर आलं की दोन घास खाऊन म्हणायचे, "तोंडाला चवच नाही गं." जीभबाईंनी औषधाच्या दुकानातून गोड गोळ्यांची डबी आणली. ड्रायव्हरसाहेबांनी चहात गोळी पडल्याचा टपकन आवाज ऐकला आणि कप तिथंच ठेवला.

"मी औषधं पितो तेवढी पुरेत. चहाचं औषध नको करूस."

"अहो, गोडच असते ती."

"तुझ्या कारखान्यातलं गोड तुझ्या कारखान्यात!"

वाद संपला. माणूस मात्र दिवसेंदिवस वाळत चालला. अंगानं नाही, मनानं.  जीभबाईंनी कामावर गोडाच्या मागं मागं जायचं आणि घरी आपलंच माणूस असं आंबट तोंड करून बसलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग त्यांनी एक उद्योग आरंभला. कुणाला सांगितलं नाही. दुकानात मिळतात त्या निरनिराळ्या गोळ्या, थेंब, पुड्या आणल्या आणि रविवारी नवरा फिरायला गेला की ओट्यापाशी उभं राहून चहा करून बघायच्या. एक गोडी पटकन येते नि पटकन जाते, दुसरी सावकाश येते नि रेंगाळते. दोघींना एकत्र घातलं की एकीचं उणं दुसरी झाकते. हे त्यांना कामावरूनच ठाऊक होतं. पण नुसत्या गोडीनं भागत नाही. साखरेनं चहाला अंग येतं, ते कुठून आणायचं? मग दूध आटवून बघितलं, चहा जास्त उकळून बघितला, कणभर मीठसुद्धा घालून बघितलं. कितीतरी चहा मोरीत ओतले. आणि एका दुपारी घोट घेतला तर त्यांना स्वतःलाच फसल्यासारखं झालं. शेपूट होतं, पण इतकं बारीक की लाल खोलीत बसल्याशिवाय सापडू नये.

त्याच दुपारी त्या कप घेऊन सज्जात गेल्या आणि दार लोटून घेत हळूच म्हणाल्या, "घ्या. आज खरी साखर घातलीय. लेकीला बोलायचं नाही, डॉक्टरीणबाईंना तर नाहीच नाही."

ड्रायव्हरसाहेबांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग कपाकडे. घोट घेतला. डोळे मिटले. आणि त्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून जीभबाईंना वाटलं, यासाठी शंभर खोटं बोलेन. पाप लागलं तर लागू दे.

"तू?" ते म्हणाले. "तू, नियमाची बाई? कामावर जायचं म्हणून जन्मात कांदा न चावणारी? तू माझ्यासाठी चोरी केलीस?"

"हळू बोला हो!"

आणि मग त्या दोघांच्या दुपारी सुरू झाल्या. जीभबाईंची पाळी सकाळची, दुपारी घरी. सज्जाचं दार लोटायचं, दोन खुर्च्या, एक कप त्यांचा, एक हिचा. ड्रायव्हरसाहेब चोराच्या मनात चांदणं तसे जिन्यावर पाऊल वाजलं की कप खुर्चीखाली सरकवायचे. चहा झाला की स्वतः उठून कप विसळायचे, पुरावा नको म्हणून. ज्या माणसानं जन्मात चमचा धुतला नाही, तो! ऊन भिंतीवरून हळूहळू सरकायचं, खालून बस जायची, ते तिच्या आवाजावरून तिच्या इंजिनाचं दुखणं सांगायचे, आणि अधूनमधून शिट्टीत गाणं गुणगुणायचे. जीभबाईंना ते ऐकता ऐकता डुलकी लागायची. झोपेतही तोंडात तीच गोडी असायची, आणि कामावरची दांडी त्या झोपेतच हळूहळू खाली आणत असायच्या, सावकाश, अजून नाही, अजून नाही म्हणत.

रक्त तपासायचं छोटं यंत्र घरात होतं. बोट टोचलं की आकडा. आकडे छान येत होते. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. लेक खूश झाली. जीभबाई मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारत होत्या. खोटं कशाला बोला, त्यांना आपल्या कारागिरीचा गर्वही झाला होता. कारखान्यातल्या अख्ख्या विभागाला जमलं नाही ते आपण ओट्यावर करून दाखवलं, आणि ज्याला चाखायला दिलं त्यानं कधी शंकासुद्धा घेतली नाही.

आणि मग आकडे चढायला लागले.

जीभबाई चक्रावल्या. आधी यंत्रावर संशय घेतला, नवं आणलं. मग गोळ्यांवर संशय घेतला, डब्या उलटसुलट करून वाचल्या. साखरेचा दाणा घरात नाही आणि आकडा वर वर! नवऱ्याला विचारायचं तरी कसं? "बाहेर काही खाता का?" म्हणावं तर तो म्हणणार, "बाहेर कशाला, तू घरीच देतेस की." आपणच रचलेल्या खोट्यात बाई अशी अडकली की पुढं सरकायला जागा नाही आणि मागं वळायला नाही. तेवढ्यात ड्रायव्हरसाहेबांच्या पायाला चपलेचा फोड आला आणि तो काही केल्या भरेना.

डॉक्टरीणबाईंनी फोड बघितला, आकडे बघितले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजोबा, हा पाय तुम्हाला ठेवायचाय ना? असंच चाललं तर मला खात्री देता येणार नाही. कोण देतं तुम्हाला साखर? घरातून मिळते का?"

जीभबाईंनी मान खाली घातली. पण ड्रायव्हरसाहेब ताठ बसले आणि म्हणाले, "हिला काही माहीत नाही. मीच चोरून खातो. जित्याची खोड आहे बाई, तिला कशाला बोलता?"

बोलणी त्यांनी एकट्यांनी खाल्ली. सगळी. वरिष्ठांची खायचे तशी, हसत. बाहेर आल्यावर जिन्याचा कठडा धरून लंगडत उतरता उतरता त्यांनी जीभबाईंच्या कानाशी तोंड आणलं. "तुझं नाव घेतलं नाही बरं का. मरेन पण घेणार नाही."

"पण तुम्ही खाल्लंत काय?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"अगं, कोपऱ्यावरच्या बेकरीतला केक. रोज संध्याकाळी. खालचा पोस्टमनही येतो सोबत." पोस्टमन म्हणजे त्यांच्याच सुमारास निवृत्त झालेला शेजारी, त्यालाही हाच आजार. "मी म्हटलं त्याला, डॉक्टर लोक उगीच घाबरवतात. मी रोज साखरेचा चहा पितो, आकडा बघ माझा, सरळ! साखर मला बाधतच नाही. तुझ्या चहानं काही झालं नाही, तर केकच्या तुकड्यानं काय होणार? हे मात्र कशानं वाढलं कुणास ठाऊक."

जीभबाई जिन्यातच बसल्या. करायला गेले काय आणि झालं काय! ज्या चहाला त्या आपली कमाई समजत होत्या, त्याच चहानं त्यांच्या नवऱ्याला बेकरीची वाट दाखवली होती. एकट्या नवऱ्यालाच नाही, पोस्टमनलाही. चहा थोडा बिघडला असता, एखाद्या दिवशी शेपूट जरा लांब राहिलं असतं, तर त्याला कळलं असतं. पण बाईंनी काम चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाल खोलीत झडप उघडली, कप आला, त्यांनी घोट घेतला आणि दांडी वर सरकवलीच नाही. तोंडात काही नव्हतंच. पाणी असावं तसं. लाल हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या आणि त्यांना दिसत होता नवऱ्याचा पाय, पट्टी बांधलेला, आणि त्याच्या पुढं सज्जातली त्याची मिटलेल्या डोळ्यांची मुद्रा. खरं सांगावं तर ती मुद्रा जाणार. न सांगावं तर पाय जाणार. दोन्हीपैकी एक आपल्या हातानं द्यायचं होतं. साहेबांनी झडपेतून विचारलं, बाई, थांबलात का अजून? त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बरं वाटत नाही म्हणून घरी निघाल्या.

सज्जात त्या दिवशी चहा नेलाच नाही. समोर बसल्या आणि एका दमात सांगून टाकलं. साखर नव्हती. एकदाही नव्हती. गोळ्या होत्या, थेंब होते, आटवलेलं दूध होतं. पहिल्या दिवसापासून.

ड्रायव्हरसाहेब ऐकत होते. खालून एक बस गेली, त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एकदाही नाही?"

"नाही."

 मग ते म्हणाले, "साखरेचं नाही गं काही. मला वाटत होतं, या जगात एक माणूस माझ्यासाठी सगळ्यांना फसवतंय. निघालं काय, तर तुम्ही सगळे मिळून मलाच फसवताय."

 जीभबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत जाऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

बेकरीची वाट त्या दिवसापासून बंद झाली. पोस्टमनला ड्रायव्हरसाहेबांनी स्वतः जाऊन सांगितलं, आणि कसं सांगितलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. औषधं वेळेवर घेऊ लागले, फोड हळूहळू भरला, आकडे खाली आले. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली. घर मात्र मुकं झालं. ड्रायव्हरसाहेब स्वतःचा चहा स्वतः करू लागले, कोरा, बिनसाखरेचा, आणि उभ्यानं पिऊन टाकायचे. जीभबाईंशी बोलायचे नाहीत असं नाही. पण "पाणी दे", "किल्ली कुठाय" एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात निदान आवाज असतो.

दुपारी सज्जात आता एकच खुर्ची. भिंतीवरचं ऊन तसंच सरकायचं. जीभबाई आत पलंगावर पडून छताकडे बघायच्या आणि आपण कुठल्या तरी लांबच लांब घोटाच्या शेवटाशी थांबलो आहोत असं त्यांना वाटायचं. तो घोट संपत मात्र नव्हता.

एका दुपारी त्या उठल्या. शेजारणीकडे गेल्या आणि वाटी पुढं करून म्हणाल्या, "साखर द्या जराशी." डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, लेकीला विचारलं नाही. चहा ठेवला आणि त्यात खरी साखर घातली. थोडीशीच, चमचाभरसुद्धा नाही, पण खरी.  जन्मात पहिल्यांदा त्या खरोखर नियम मोडत होत्या.

कप सज्जात नेऊन ठेवला. "घ्या. साखर आहे. या खेपेला खरी."

ड्रायव्हरसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग कप उचलला आणि घोट तोंडात फिरवला, अगदी सावकाश. जीभबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या. ती मुद्रा यावी म्हणून, एकदाच यावी म्हणून.

त्यांनी कप खाली ठेवला.

"ही नाही साखर."

"अहो, काय बोलता! देवाशप्पथ, शेजारून आणली आत्ता."

"पुन्हा सुरू केलंस? साखर मला ठाऊक आहे. ही काय, आली नि गेली. तू देत होतीस ना, ती साखर. ही कुठली तरी नवी गोळी आहे."

 ज्या तोंडानं जीभबाईंनी इतके महिने खोटं सांगितलं, त्याच तोंडात आज खरं होतं, आणि त्याला कवडीची किंमत नव्हती. त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. पदर बिदर काही न लावता, लहान मुलासारख्या, मोठ्यानं.

ड्रायव्हरसाहेब गोंधळले. त्यांनी कपाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. पुन्हा एक घोट घेतला. या वेळी जास्त वेळ थांबले.

"खरीच आहे?"

त्यांनी रडता रडता मान डोलावली.

"डॉक्टरणीला न विचारता?"

मान पुन्हा डोलली.

"लेकीला?"

"नाही हो नाही!"

ते उठले, लंगडत उंबऱ्यापाशी आले आणि कसेबसे गुडघे दुमडून शेजारी बसले. उरलेला चहा त्यांच्या हातात दिला.

"हा तू पिऊन टाक. मला नको. मला तुझ्या हातची ती खोटीच दे उद्यापासून." मग जरा थांबून म्हणाले, "पण सांगून दे."